विषाणू आटोक्यात, मग नजर का जाते?

एचआयव्हीची गोळी रोज वेळेवर घेतली जाते. रक्तातला विषाणू इतका कमी झालेला असतो की तपासणीत तो सापडत नाही. सीडी-फोर पेशींचा आकडा पाचशेच्या वर, वजन भरलेलं, कामावर हजेरी नियमित. आणि अशा माणसाचा एक डोळा लाल होतो, उजेड सोसवेनासा होतो, समोरचं धुरकट दिसू लागतं. मेडिकलमधून थेंब आणले जातात, चार दिवस बरं वाटतं. मग दुसरा डोळाही त्याच वाटेने जातो. काही आठवड्यांत वर्तमानपत्राचा मथळा तेवढा वाचता येतो, खालची बातमी नाही. एचआयव्हीचे सगळे आकडे उत्तम असताना डोळ्यांनी असा दगा का द्यावा?

घरच्यांना आधी एचआयव्हीचाच संशय येतो, डॉक्टरांना बहुधा क्षयाचा. पण काही वेळा कारण तिसरंच असतं, आणि ते इतकं जुनं आहे की कुणाला आठवतच नाही. हा रोग म्हणजे सिफिलिस. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत त्याला उपदंश म्हणतात आणि बोलताना लोक गरमी म्हणतात. पेनिसिलिन आलं आणि गरमी गेली, असा एक समज आहे. ती गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात जगभर सुमारे ८० लाख नव्या लागणी झाल्या.

या लेखाचं म्हणणं एकच आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाच्या डोळ्याला आतून सूज आली, तर सिफिलिसची रक्ततपासणी करायची की नाही हे त्याच्या चालचलनाची चौकशी करून ठरवू नये. डोळ्याची अवस्था पाहून ते ठरवावं. हे म्हणणं पटायचं तर हा जंतू कसा वागतो, हे आधी पाहावं लागेल.

दोन लागणी, एक वाट

सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, १९०५ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन यांनी प्रथम ओळखला. तो लांबट, पिळदार आणि इतका बारीक असतो की नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. शरीरसंबंधाच्या वेळी नाजूक त्वचेच्या सूक्ष्म ओरखड्यातून तो आत शिरतो. साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक जखम होते, आणि ती दुखत नाही. पुढचा सगळा घोटाळा इथेच सुरू होतो. न दुखणारी जखम दाखवायला कोण जातो? ती योनीच्या आत, गुदद्वारात किंवा घशात असेल तर दिसतही नाही. महिना-दीड महिन्यात ती आपोआप भरून येते. नंतर कधी तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, तेही मावळतं. पुढे वर्षानुवर्षं बाहेर कसलीही खूण राहत नाही. फक्त रक्त तपासलं तरच पत्ता लागतो.

एचआयव्हीची वाटही तीच. शिवाय या जखमेपाशी शरीराच्या बचावासाठी गोळा झालेल्या पेशींत सीडी-फोर पेशी असतात, आणि एचआयव्हीला शिरायला नेमक्या त्याच लागतात. म्हणून सिफिलिसची जखम असताना एचआयव्ही घेणंही सोपं आणि देणंही. उपचार सुरू झाल्यावरचं गणित मात्र थोडं वेगळं आहे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या, गोळ्या विषाणूचं काम बंद पाडतात, सिफिलिसच्या जंतूचं त्यांनी काहीच बिघडत नाही. गोळ्या नियमित असतील आणि विषाणू तपासणीत सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही, हे आता पक्कं सिद्ध झालंय. ही मोठीच दिलासा देणारी गोष्ट आहे. फक्त त्या भरवशावर कंडोम बाजूला पडला, तर सिफिलिसला अडवणारं कुणी उरत नाही. एकदा बरा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही या रोगाचं नाही.

जंतू डोळ्यात उतरतो कसा

जखम दिसायच्या कितीतरी आधी, लागण झाल्यापासून काही तासांत किंवा दिवसांत, जंतू रक्तात पोचलेला असतो. डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेर पांढरं कवच, आत प्रकाश टिपणारा पडदा, आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर. या मधल्या थराला युव्हिया म्हणतात. पडद्यामागच्या त्याच्या भागातून इतकं रक्त वाहतं की वजनाच्या हिशेबात शरीरात फार थोड्या जागी तसं असेल. त्यामुळे रक्तातून फिरणारा जंतू इथे अडकून राहिला, तर त्यात नवल नाही. या थराला आलेली सूज म्हणजे युव्हियायटिस. ती पुढच्या भागात असेल तर डोळा लाल होतो आणि उजेड खुपतो. मागच्या भागात असेल तर डोळा वरून स्वच्छ दिसतो आणि नजर मात्र उतरत जाते. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण लाल न झालेल्या डोळ्याबद्दल घरात कुणी काळजी करत नाही.

जंतू स्वतः फारसं विष सोडत नाही. नुकसान होतं ते बहुतेक शरीराच्या प्रतिकारातूनच. त्यातही या जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ओळख पटवणारी प्रथिनं अगदी मोजकी असतात, आणि त्यांतल्या एकाचा घाट तो सतत बदलत राहतो. धडधाकट माणसाच्या संरक्षक पेशींनाही त्याला धरणं जड जातं. म्हणूनच सीडी-फोरचा आकडा चांगला आहे, या कारणाने सिफिलिस बाद करता येत नाही. सायटोमेगॅलो विषाणूने पडद्याला येणारी सूज साधारण सीडी-फोर ५० च्या खाली गेल्यावर दिसते. सिफिलिस तितका थांबत नाही, चारशे-पाचशेच्या आकड्यावरही तो डोळ्यात आढळतो. एचआयव्हीमुळे काहीच फरक पडत नाही, असं मात्र नव्हे. दोन्ही डोळे एकदम धरणं, डोळ्याचा मागचा भाग धरणं आणि आजार मेंदूच्या आवरणापर्यंत पोचणं, हे या रुग्णांत अधिक पाहायला मिळतं.

डोळ्याच्या मागच्या भागात कधी कधी पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथेच, पिवळसर, चपट्या थाळीच्या आकाराचा डाग दिसतो. १९९० मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञ डोनाल्ड गॅस आणि सहकाऱ्यांनी या चित्राला स्वतंत्र नाव दिलं. आता ओसीटी यंत्रावर पडद्याचा उभा छेद पाहता येतो. निरोगी पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक चकचकीत रेघ सलग धावते. या डागाखाली ती तुटलेली असते, काही ठिकाणी पुसून गेलेली. योग्य औषध मिळालं तर काही आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रात ती रेघ जोडत आलेली दिसते आणि रुग्ण तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचू लागतो. म्हणजे त्या पेशी मेलेल्या नव्हत्या, आजारी होत्या. उशीर झाला, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुकली, की मग औषधाने जंतू मरतो पण नजर परत येत नाही.

मग हे चित्र पाहून लगेच निदान का होत नाही? कारण हीच सूज क्षयाची असू शकते, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची असू शकते, नागिणीच्या विषाणूचीही असू शकते. महाराष्ट्रात डॉक्टरांना क्षय आधी आठवतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. पण आपल्याकडे कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरात क्षयाचा जंतू झोपलेला असतो, त्यामुळे मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून डोळ्यातली सूज क्षयाचीच, असं होत नाही. दुसरी फसगत स्टेरॉइडची. ते सूज दाबतं, म्हणून चार दिवस आराम पडतो. ‘थेंबांनी बरं वाटलं, म्हणजे जंतू नव्हता’ हा तर्क इथे उलटा पडतो. जंतू जागेवरच असतो, आणि त्याला अडवणाऱ्या पेशी तेवढ्या गप्प केलेल्या असतात.

रिपोर्ट निगेटिव्ह, रोग भरपूर

रक्ततपासणी साधी आहे, स्वस्त आहे, पण तिची एक खोड माहीत असावी लागते. १९४६ पासून वापरात असलेली व्हीडीआरएल चाचणी जंतू शोधत नाही. लागणीत शरीराच्या पेशींची मोडतोड होते आणि त्यांतल्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. चाचणी शोधते ती ही प्रतिपिंडं. त्या पदार्थाचे बारीक कण आणि रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग एकत्र ढवळतात. प्रतिपिंडं असतील तर कणांच्या गुठळ्या होतात. मग रक्ताचा तो भाग दर वेळी निम्मा पातळ करत जातात. १:२, १:४, १:८ असं करत शेवटची गुठळी जिथे दिसते तो आकडा रिपोर्टवर येतो.

आता विचित्र गोष्ट. काही रुग्णांत प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की गुठळी होतच नाही. अंगणात खांब उभे आहेत आणि पोरांनी एक हात एका खांबाला, दुसरा हात दुसऱ्या खांबाला लावून सगळे खांब जोडायचेत, अशी कल्पना करा. पोरं बेताची असतील तर साखळी छान जमते. पण प्रत्येक खांबाभोवती पोरांचा गराडा पडला, तर एक हात खांबाला लागतो आणि दुसऱ्या हाताला मोकळा खांबच मिळत नाही. सगळे खांब सुटे राहतात. दोन हातांच्या प्रतिपिंडांचं असंच होतं, आणि रोग भरात असताना रिपोर्ट निगेटिव्ह येतो. प्रयोगशाळेत याला प्रोझोन म्हणतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णांत तो जास्त नोंदला गेलाय. उपाय सोपा आहे: तोच नमुना पातळ करून पुन्हा पाहायचा. पण प्रयोगशाळेने ते करायचं तर चिठ्ठीवर डॉक्टरांनी शंका लिहिलेली हवी. नुसतं ‘व्हीडीआरएल’ लिहून पाठवलेल्या नमुन्यासाठी तिथला तंत्रज्ञ हा खटाटोप कशाला करेल?

चौकट : रिपोर्ट हातात आल्यावर

व्हीडीआरएल किंवा तिच्यासारख्याच आरपीआर चाचणीपुढचा आकडा (१:१६, १:३२ वगैरे) रोगाचा जोर आणि उपचाराचा परिणाम सांगतो. उपचारानंतर तो दोन पायऱ्या उतरला, म्हणजे १:३२ वरून १:८ झाला, तर औषध लागू पडलं असं धरतात. टीपीएचए ही चाचणी जंतूविरुद्धची खास प्रतिपिंडं शोधते. ती लागण पक्की करते, पण बरं झाल्यावरही बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे दुसऱ्यांदा लागण झाली का, हे कळतं ते जुना आणि नवा व्हीडीआरएल आकडा शेजारी ठेवूनच. जुना कागद फाडून टाकू नये. लाजेपोटी नेमका तोच फाडला जातो.

एक इंजेक्शन का पुरत नाही

सुरुवातीच्या सिफिलिसला कंबरेत दिलेलं बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन पुरतं. सरकारी सुरक्षा क्लिनिकांत, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यांत, जननेंद्रियावरच्या जखमेसाठी जो पांढरा किट मिळतो, त्यात तेच असतं. मग डोळ्याला वेगळा नियम का? पेनिसिलिन जंतूला तो दुभागताना मारतं, आणि हा जंतू फार संथ आहे, त्याला दुभागायला तीसेक तास लागतात. म्हणून औषध बरेच दिवस सलग अंगात हवं. बेंझाथिन स्नायूतून हळूहळू झिरपत राहतं आणि रक्तात ते काम चोख करतं. पण डोळा आणि मेंदू यांच्याभोवती रक्तातलं सगळंच आत जाऊ न देणारे अडसर आहेत. झिरपणारं औषध त्यांतून पुरेशा प्रमाणात आत पोचत नाही. शिवाय डोळ्याची नस मेंदूच्याच आवरणात गुंडाळलेली असते. म्हणून डोळ्यातल्या सिफिलिसला मेंदूतल्या सिफिलिसचे उपचार देतात: शिरेतून पेनिसिलिन, दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट, म्हणजे दिवसाला १ कोटी ८० लाख ते २ कोटी ४० लाख, आणि हे दहा ते चौदा दिवस. पहिल्या चोवीस तासांत ताप, अंगदुखी होऊ शकते. मरणाऱ्या जंतूंमुळे ती येते, औषध सोसलं नाही असा त्याचा अर्थ नसतो. स्टेरॉइड कधी कधी लागतंच, पण पेनिसिलिनच्या छत्राखाली आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

इतक्या वर्षांनंतरही या जंतूने पेनिसिलिनला दाद न दिल्याचं उदाहरण नाही, ही या सगळ्या प्रकरणातली खरी चांगली बातमी. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. इतकं जुनं, इतकं घरचं हे औषध, आणि आज ते द्यायला कित्येक खासगी दवाखाने कचरतात. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी क्वचित जिवावर बेतते, हे खरं. पण ती शक्यता रुग्णालयात, तयारीनिशी हाताळता येते. गेलेली नजर हाताळता येत नाही.

‘एवढ्याशा शक्यतेसाठी सगळ्यांची तपासणी?’

सरसकट तपासणीवर पहिला आक्षेप असा की डोळ्यातला सिफिलिस दुर्मिळ आहे. आहेच. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये किनारपट्टीवरच्या शहरांत असे रुग्ण एकाएकी दिसू लागले, तेव्हा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने आठ विभागांतल्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांत ३८८ संशयित सापडले. सिफिलिसच्या एकूण रुग्णांत ते एक टक्क्याहूनही कमी होते, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना एचआयव्ही होता. पण हा आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. सिफिलिस झालेल्या किती जणांचे डोळे धरले जातात, हे तो सांगतो. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस मात्र डोळा घेऊन आलाय. त्याच्या बाबतीत प्रश्न असा, की या सुजेच्या संभाव्य कारणांत पूर्ण बरं होणारं, आणि चुकलं तर नजर नेणारं कारण कुठलं? त्या यादीत सिफिलिस फार वर येतो. आणि चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नाही. एका बाजूला एक वाया गेलेली रक्तचाचणी, दुसऱ्या बाजूला डोळा.

दुसरा आक्षेप खोट्या पॉझिटिव्हचा. गरोदरपणात, कुष्ठरोगात, मलेरियात, एचआयव्हीतही व्हीडीआरएल कमी आकड्याने पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यासाठीच टीपीएचएची जोड असते. दोन्ही एकदम मागवल्या तर हा आक्षेप बराचसा गळून पडतो.

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी मांडत नाही, पण वागण्यात तोच सगळ्यांत जास्त दिसतो: ‘या बाईंना कशाला विचारायचं असलं काही?’ घरंदाज, संसारी, वयस्क अशा शब्दांनी तपासणी टळते. इथे पुण्यातला एक जुना पुरावा आठवावा. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या स्त्रियांमध्येही १३.६ टक्के जणींना एचआयव्ही सापडला, आणि त्या स्त्रियांपैकी बहुतेकींचा आयुष्यातला एकमेव जोडीदार त्यांचा नवरा होता. आपण काय केलं हे त्या प्रामाणिकपणे सांगू शकत होत्या. नवऱ्याने काय केलं हे त्यांना कुठून माहीत असणार? चौकशीवर आधारलेली तपासणी इथेच कोसळते. अमेरिकेत मिशिगन राज्यात २०२२ मध्ये पाच स्त्रियांचे डोळे सिफिलिसने धरले गेले. एकीलाही एचआयव्ही नव्हता, आणि पाचही जणींचा धागा एकाच पुरुषाकडे जात होता. त्या पुरुषाच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

सरसकट तपासणीत आणखी एक सोय आहे, ती माणुसकीची. ‘डोळ्याला आतून सूज असली की या चाचण्या सगळ्यांच्याच करतो’ हे वाक्य उच्चारायला डॉक्टरला अवघड नाही आणि ऐकायला रुग्णाला अपमानास्पद नाही. खोदून विचारलेले प्रश्न मात्र दोघांनाही नकोसे होतात, आणि मग ते विचारले जात नाहीत.

एका आवारातल्या तीन खोल्या

राष्ट्रीय अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांतले जवळपास ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. नाशिकला जिल्हा रुग्णालयात, लोकांच्या तोंडी सिव्हिलमध्ये, एआरटी केंद्र आहे. डोळ्यांचा विभाग वेगळा, गुप्तरोगांचा दवाखाना वेगळा. प्रत्येकाची नोंदवही आणि केसपेपर निराळा. मोठ्या रुग्णालयात हे अटळ आहे, पण डोळ्यातला सिफिलिस नेमका या तिन्हींच्या मधल्या फटीत सापडतो. एआरटीच्या टेबलावर लक्ष विषाणूच्या आकड्याकडे असतं, डोळ्यांच्या टेबलावर पडद्याकडे. आणि ज्याला आपली एआरटी लपवायची आहे, तो सिव्हिलच्या गोळ्या गुपचूप घेतो व डोळा दाखवायला शहरातल्या खासगी दवाखान्यात जातो, जिथे त्याचा एचआयव्ही कुणाला ठाऊक नसतो. हे लपवणं बंद करा असं सांगून काही होणार नाही. एचआयव्ही कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि लोकांनी तो वापरावाच. म्हणूनच एचआयव्ही माहीत असो वा नसो, आतून सुजलेल्या प्रत्येक डोळ्याबरोबर सिफिलिसच्या चाचण्या लिहिल्या जाण्यात शहाणपण आहे. उलट बाजूने, एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाने गोळ्या मोजताना ‘दिसायला काही फरक?’ एवढं विचारलं, तरी फट बरीच बुजते. शरीरसंबंध सुरू असलेल्या एचआयव्हीबाधितांची वर्षातून किमान एकदा सिफिलिस चाचणी व्हावी, असं अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राचं मार्गदर्शन आहेच.

चौदा दिवस भरती राहायचं कसं, हा शेवटचा आणि सगळ्यांत खरा अडथळा. सुरगाणा-पेठहून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर आलेल्या मजुराला दोन आठवड्यांची मजुरी सोडा म्हणणं सोपं नाही. अशा वेळी दिवसातून एकदा द्यायचं सेफ्ट्रिॲक्सोन, दहा ते चौदा दिवस, हा पर्याय डॉक्टर विचारात घेतात. ते रोज जवळच्या रुग्णालयात जाऊन घेता येतं. त्यामागचा पुरावा पेनिसिलिनइतका भक्कम नाही, म्हणून पहिली पसंती पेनिसिलिनचीच.

घरी गेल्यावरही काम उरतं. एचआयव्ही असलेल्या रुग्णात व्हीडीआरएलचा आकडा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात पुन्हा पाहतात. आणि जोडीदाराची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. लागण ताजी असेल तर गेल्या ९० दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराला चाचणी निगेटिव्ह असली तरी इंजेक्शन देतात, कारण रक्तात खूण उमटायला काही आठवडे लागतात आणि जंतू तोवर थांबत नाही.